निघायच्या दिवशीचं पुणं

सुट्टीचा शेवटचा दिवस मुळात अर्धाच असतो. दहा-अकराला खोली सोडायची, संध्याकाळी गाडी, आणि मधल्या सात-आठ तासांत ‘राहिलेलं पुणं’ उरकायचं असा बहुतेकांचा बेत. सकाळी आगाखान पॅलेस, तिथून उलट टोकाला शनिवारवाडा, मग वानवडीची शिंदे छत्री, आणि चार वाजता लक्ष्मी रस्त्याच्या कोंडीत अडकलेली रिक्षा. अशा बेतात पुण्यापेक्षा सिग्नल जास्त बघून होतात. सिंहगडाचं तर त्या दिवशी नावच काढू नये. तीसेक किलोमीटर म्हणजे काही फार नाही असं वाटतं खरं, पण सुट्टीच्या दिवशी घाटात गाड्यांची रांग लागली की वरची गाडी खाली येत नाही, खालची वर जात नाही, आणि संध्याकाळची गाडी कुणाची वाट बघत नाही.

जुनं पुणं खरं तर आटोपशीर आहे. पर्वतीपासून कसब्यापर्यंत सरळ रेषेत तीन किलोमीटरच्या आतबाहेर. तरी तक्रार एकच असते: बघायला उरलंय काय? शनिवारवाडा १८२८ साली जळाला, बुधवारवाडा १८७९ साली गेला, वाड्यांच्या जागी इमारती आल्या. तक्रार खोटी नाही, पण महाल शोधत फिरलं तर हाती जोतीच लागणार. त्यापेक्षा पाणी शोधावं. पेशव्यांच्या पुण्यात पाणी ज्या दिशेनं आलं, दक्षिणेकडून उत्तरेकडे, त्याच दिशेनं एक सकाळ चाललं की पेठा, हौद, वाडे आणि देवळं एका ओळीत लागतात. आणि त्यांतलं बरंच काही अजून वापरात आहे.

आधी सामानाची सोय. हॉटेलवाले खोली सोडल्यावर दुपारपर्यंत बॅग ठेवून घेतात, पण आदल्या रात्रीच विचारून ठेवावं. पुणे स्टेशनवरच्या क्लोकरूममध्ये ठेवायची तर तिकीट लागतं आणि बॅगेला कुलूप लागतं. नुसत्या चेनची बॅग, नाडी बांधलेली सॅक किंवा गाठ मारलेली कापडी पिशवी परत येते. म्हणून दोन छोटी कुलपं जवळ असू द्यावीत. एसटीनं जाणाऱ्यांनी आणखी एक बघावं: शिवाजीनगरचा स्टँड मेट्रोच्या कामापायी वाकडेवाडीला हलला. तिकिटावर शिवाजीनगर वाचून माणसं जुन्या जागी जाऊन उभी राहतात.

सहा-साडेसहाला पर्वती गाठायची. रिक्षावाल्याला नुसतं ‘पर्वती’ सांगू नये. पर्वती गाव, पर्वती दर्शन अशा वस्त्याही आहेत आणि भलतीकडेच उतरावं लागतं. ‘पर्वती पायथा, पायऱ्यांपाशी’ असं सांगावं. पायऱ्या १०३. आकडा ऐकून कुणी घाबरत नाही, पण या पायऱ्या माणसाच्या ढांगेला बेतलेल्या नाहीत. रुंद आणि उतरत्या आहेत. हत्तीसुद्धा चढावा अशा बांधल्या म्हणतात. एका पायरीवर एक पाऊल कमी पडतं आणि दोन जास्त होतात. त्यामुळे वर चढणारा पाय दर वेळी तोच राहतो आणि निम्म्यावर त्याच बाजूचा गुडघा कुरकुरायला लागतो. रोज येणारी मंडळी दहा-बारा पायऱ्यांनी मुद्दाम पाय बदलतात, किंवा पायऱ्या तिरक्या, नागमोडी चढतात. नवखा माणूस सरळ चढतो आणि मध्ये थांबून फोटो काढल्याचं सोंग करतो.

वर देवदेवेश्वराचं देऊळ आहे, नानासाहेब पेशव्यांनी बांधलेलं. इथलं संग्रहालय उघडायला वेळ असतो. त्याच्यासाठी थांबू नये. तटाकडेला जाऊन आधी दक्षिणेला बघावं. नैर्ऋत्येला मनोरा मिरवणारा डोंगर म्हणजे सिंहगड. त्याच्या डावीकडे, सरळ दक्षिणेला, डोंगराची जी खाच दिसते तो कात्रजचा घाट. पुण्याचं पाणी तिथून आलं. १७५०च्या सुमारास नानासाहेबांनी कात्रजला ओढ्यावर बंधारे घातले आणि तिथून शहरापर्यंत आठ-दहा किलोमीटर जमिनीखालून विटा-चुन्याचा नळ आणला. ‘नळ’ म्हणजे आपल्या स्वयंपाकघरातला नव्हे. माणूस उभ्यानं आत जाईल इतक्या उंचीचा हा भुयारी पाट. पंप नाही, मोट नाही. कात्रज उंचावर, पुणं उतारावर, एवढ्या भांडवलावर पाणी चालत आलं.

उतार नेमका धरणं हीच यातली मेख. फार दिला तर पाणी जोरानं येऊन चुना खरवडतं, कमी दिला तर गाळ खाली बसतो आणि नळ तुंबतो. गाळ आधी तलावातच बसावा म्हणून एकापुढे एक असे दोन बंधारे, आणि वाटेत ठिकठिकाणी ‘उच्छ्वास’. जमिनीवर आलेले हे दगडी धुराडेवजा मनोरे. बंद नळात हवा कोंडली तर पाणी अडतं, ती यातून सुटते, आणि साफसफाईला माणूस उतरतो तोही इथूनच. शब्द किती नेमका आहे बघा, पाण्याच्या वाटेला श्वास सोडायची जागा. आज यांतले बरेच उच्छ्वास बांधकामांत गडप झाले आहेत.

आता उत्तरेला वळावं. समोर सगळं शहर. ५ नोव्हेंबर १८१७ला खडकीची लढाई चालू असताना दुसरा बाजीराव इथूनच ती बघत होता. १७ नोव्हेंबरला शनिवारवाड्यावर इंग्रजांचं निशाण चढलं. आणि ज्यानं हे शहर वाढवलं, पेठा वसवल्या, पाणी आणलं, ते नानासाहेब पानिपतनंतर खचून २३ जून १७६१ला इथेच, पर्वतीवर गेले. पर्वतीवर येणाऱ्यांपैकी निम्मे लोक हे न कळताच सूर्यनमस्कार घालून उतरतात. त्यात वाईट काही नाही; टेकडी वापरात आहे याची ती खूण.

उतरताना घाई नको. सकाळी पायऱ्यांवर दव किंवा धूळ असली की गुळगुळीत दगड सटकतो. खाली येऊन पाच-दहा मिनिटं चाललं की सारसबाग. रस्त्यावरून बागेत जाताना आपण काही पायऱ्या खाली उतरतो, तिकडे लक्ष असू द्यावं. ही खोलगट जागा म्हणजे पूर्वीचं पर्वतीचं तळं. आंबिल ओढ्याचं पाणी अडवून नानासाहेबांनी ते केलं, मध्ये बेट ठेवलं, आणि पुढे १७८४ साली सवाई माधवरावांच्या काळात त्या बेटावर गणपती बसला. तळं गेलं, बाग आली, तरी ‘तळ्यातला गणपती’ हे नाव टिकलं. थंडीत आलात तर या गणपतीला स्वेटर आणि कानटोपी घातलेली दिसेल. त्यावर बाहेरगावचे हसतात, पुणेकर हसत नाहीत.

आंबिल ओढा मात्र आपली जागा विसरलेला नाही. २५ सप्टेंबर २०१९च्या रात्री कात्रजच्या बाजूला धो धो पाऊस झाला आणि एरवी सांडपाण्याचा नाला वाटणाऱ्या या ओढ्यानं काठच्या सोसायट्या, झोपड्या, गाड्या एका रात्रीत ओढून नेल्या. माणसं गेली. पेशव्यांच्या काळात ज्याला अडवून, वळवून, तळ्यात मुरवून घेतलं होतं, त्याच्या पात्रात आपण भिंती बांधल्या. पर्वतीवरून कात्रजची खाच आणि खाली हा ओढा असं एका सकाळी बघितलं की बातमीतला पूर नकाशावर बसतो.

सारसबागेपासून स्वारगेट चालत दहा-पंधरा मिनिटं. इथून मेट्रो घ्यावी आणि मंडई सोडून पुढच्या कसबा पेठ स्टेशनला उतरावं. भुयारी मेट्रोचा हा पट्टा २९ सप्टेंबर २०२४ला सुरू झाला आणि जुन्या पुण्यातल्या भटकंतीचं गणितच बदललं. पूर्वी बाजीराव रस्ता आणि शिवाजी रस्ता या दोन एकेरी वाटांमुळे पाचशे मीटरच्या कामाला रिक्षाला दीड किलोमीटरचा वळसा पडायचा, अजूनही पडतो. शिवाय मेट्रो स्टेशनांत स्वच्छतागृहं आहेत. पेठांत फिरताना ही सोय किती मोलाची आहे हे बरोबर म्हातारं माणूस किंवा लहान मूल असलं की कळतं. तेव्हा स्टेशन सोडण्याआधी जाऊन यावं.

वर आलं की फडके हौद चौक जवळ. इथे हौद कुठे आहे म्हणून शोधू नये. कात्रजचं पाणी शहरात आल्यावर एका हौदातून दुसऱ्यात असं फिरायचं. लोक तिथून भरून न्यायचे. हौद बुजले, चौकांना नावं राहिली: फडके हौद, काळा हौद, बाहुलीचा हौद. यांतल्या शेवटच्याची गोष्ट वेगळी. डॉ. विश्राम रामजी घोले यांनी आपली लहान वयात गेलेली मुलगी काशीबाई हिच्या स्मरणार्थ तो बांधला, आणि वर तिची बाहुलीसारखी मूर्ती बसवली म्हणून लोकांनी त्याला बाहुलीचा हौद म्हटलं. मुलीला शिकवण्याचा ध्यास घेतलेला हा बाप होता आणि त्यासाठी त्यानं शिव्याशाप झेलले होते.

कसबा गणपती इथून पाच-सात मिनिटांवर. ग्रामदैवत. पेशव्यांच्या आधीचं पुणं म्हणजे हा कसबा. आदिलशाहीच्या मुरार जगदेवानं गाव उद्ध्वस्त करून त्यावर गाढवाचा नांगर फिरवला, आणि जिजाऊ बाल शिवाजीला घेऊन आल्या तेव्हा सोन्याचा नांगर फिरवून पुन्हा वस्ती उभी केली, ही कथा इथल्या प्रत्येकाला तोंडपाठ असते. विसर्जनाच्या मिरवणुकीत पहिला मान याचा. देऊळ लहान आहे, दर्शनाला दहा मिनिटं पुरतात. जवळचा लाल महाल हे १९८०च्या दशकातलं बांधकाम आहे. शायिस्ताखानाची बोटं तुटली ती ५ एप्रिल १६६३च्या रात्री, इथल्या मूळ वाड्यात. आजच्या भिंतींत ते शोधायला जाऊ नये. बाहेरून बघून पुढे निघावं.

शनिवारवाडा सकाळी उघडल्या उघडल्या गाठावा. नंतर आत सावली नाही, आणि शाळांच्या सहली आल्या की काही ऐकूही येत नाही. तिकिटासाठी बाहेरच्या कोडवर मोबाइल धरायचा; म्हणून चार्जिंग राखून ठेवावं. वाड्याचा पाया पहिल्या बाजीरावानं १० जानेवारी १७३०ला घातला, वास्तुशांत २२ जानेवारी १७३२ची, आणि दोन्ही दिवस शनिवार. खर्च १६,११० रुपये झाल्याचं सांगतात.

दिल्ली दरवाजात उभं राहून घाईनं आत शिरू नये, कारण आत शिरून जे दिसतं त्यापेक्षा दरवाजा जास्त बोलका आहे. दारावरचे लांब खिळे खालपासून नाहीत. हत्तीचं कपाळ जिथे भिडेल तिथे ते आहेत. मोठी दारं रोज उघडायची नसतात, म्हणून एका फळीत छोटी दिंडी, आणि त्या दिंडीतून आत यायचं तर मान वाकवावीच लागते. आत आल्यावर वाट सरळ जात नाही, लगेच काटकोनात वळते. धावत आलेल्याचा जोर तिथेच मोडतो. मग तटाकडे बघावं: खाली घडीव दगड, वर वीट. पूर्ण दगडी तट हा छत्रपतींचाच अधिकार, म्हणून वर विटा आल्या असं सांगितलं जातं. दरवाजावरच्या नगारखान्यात जायला मोकळीक असेल तर जरूर जावं. लाकडी खांब आणि महिरपी अजून शाबूत आहेत. जळालेल्या वाड्यात लाकूडकाम कसं होतं याची कल्पना येते ती तिथेच.

आतली जोती बघताना नकाशा डोक्यात नसेल तर दगड नुसते दगडच राहतात. दोन जागा शोधाव्यात. एक हजारी कारंजं. कमळाच्या पाकळ्यांसारखी दगडी रचना आणि पाकळ्यांच्या टोकांना तोट्या. सकाळी पर्वतीवरून पाहिलेली ती कात्रजची खाच इथे येऊन कारंज्यात उडत होती. उंचीतल्या फरकाचा दाब, बाकी काही नाही. दुसरी जागा म्हणजे नारायण दरवाजा, पूर्वीचा जांभूळ दरवाजा. ३० ऑगस्ट १७७३ला नारायणरावांचा खून झाला आणि त्यांचा देह या दारानं बाहेर नेला, म्हणून हे नाव. ‘ध’चा ‘मा’ झाला ती चिठ्ठी, ‘काका मला वाचवा’ ही हाक, अमावास्येची भुतं, हे सगळं तुम्हाला कुणी ना कुणी न विचारता ऐकवेलच. तटावरून एक फेरी मारावी. बुरूज ९ आहेत आणि वरून जोत्यांचे चौक नीट उलगडतात. तासाभरात बाहेर.

आता साडेनऊ-दहा वाजलेले असतात आणि तांबट आळीला जाग आलेली असते. कसब्यातली ही आळी पत्त्यानं शोधायची नाही, कानानं शोधायची. ठण्-ठण् असा एकसारखा ठोका आला की त्या दिशेनं वळावं. त्वष्टा कासारांची ही वस्ती पेशवाईपासूनची. बंब, घंगाळ, हंडे, कळश्या, देवळांचे कळस, सगळं इथून गेलं.

तांब्याचं काम समजून घेतलं तर तिथं उभं राहण्यात गंमत येते. पत्र्याची गोल चकती कापतात आणि लालबुंद होईपर्यंत तापवतात. तापवून पाण्यात बुडवलेलं लोखंड कडक होतं, तांबं मात्र नरमच राहतं. नरम तांबं ठोकून वळवतात; ठोकता ठोकता ते कडक होत जातं, हट्ट धरल्यासारखं. तेव्हा पुन्हा तापवायचं. न तापवता ठोकत राहिलं की काठाला चीर जाते. खालचा आणि वरचा भाग वेगळा घडवून मधला जोड झाळतात. शेवटी मठारकाम. जमिनीत पक्क्या रोवलेल्या खुंटासारख्या ऐरणीवर भांडं आतून टेकवून, गुळगुळीत तोंडाच्या हातोडीनं बाहेरून ओळीनं ठोके द्यायचे. प्रत्येक ठोक्याचा एक चकचकीत चपटा ठिपका उठतो. ते नक्षीसाठी असतं असं आपल्याला वाटतं, पण मुख्य काम धातूला ताठपणा देण्याचं. मठारलेली कळशी पातळ असूनही पोचत नाही ती म्हणून.

कारागीर पुढचा ठोका कुठे द्यायचा हे उजेडाच्या चमकेवरून ठरवतो. म्हणून दारात, त्याच्या उजेडात उभं राहू नये. आळीतल्या लोकांची बघ्यांबद्दल हीच एक तक्रार असते. बाजूला उभं राहावं, विचारून फोटो काढावा.

घ्यायचंच असेल तर काही गोष्टी पारखाव्यात. भांडी बहुधा वजनावर असतात आणि मजुरी वेगळी, तेव्हा आधी वजन, मग भाव. हातचं मठारकाम असेल तर ठिपक्यांची ओळ किंचित चढती-उतरती दिसते. साच्यातलं असेल तर ठिपके शिस्तीत, सारखे. भांडं सपाट फरशीवर ठेवून बोटानं ढकलावं, डुगडुगलं तर बूड बसलेलं नाही. जोडाच्या बाजूनं आतून बोट फिरवावं आणि पाणी भरून पाच मिनिटं कागदावर ठेवावं. ओल आली तर झाळ कच्ची. स्वयंपाकाला वापरायचं तर आतून कल्हई हवीच. भांडं तापवून, नवसागर टाकून, कथील कापसाच्या बोळ्यानं झरझर फिरवतात. एक सेकंद उशीर झाला तर कथील गोळा होतं आणि तांबं मध्येच लाल डोकावतं. असा लाल डाग काठाजवळ हमखास राहतो, तिथे आधी बघावं. बिनकल्हईच्या भांड्यात ताक, चिंच, लिंबू काही ठेवू नये. कळकतं, आणि कळकलेलं पोटात गेलं की प्रवासाचा विचका. पाणी प्यायला तांब्या-भांडं घेतलंत तर कल्हईची गरज नाही. काळं पडलं की चिंच-मीठ लावून घासायचं आणि लगेच कोरडं पुसायचं; ओलं राहिलं की डाग पडतात आणि मग दोष तांबटाला जातो.

इथून पूर्वेला, नागझरी ओढ्याच्या बाजूला, सोमवार पेठेत त्रिशुंड गणपती आहे. दहा-पंधरा मिनिटांची वाट. वेळ कमी असेल तर बाकी काहीही गाळावं, हा गाळू नये. पुण्यात विटा-लाकडाची देवळं पुष्कळ, पण काळ्या दगडात एवढं कोरलेलं दर्शनी तोंड दुसरं नाही. अठराव्या शतकाच्या मध्यात गोसाव्यांनी बांधलेलं. आत तीन सोंडांचा, मोरावर बसलेला गणपती. आणि बाहेर, दाराच्या बाजूच्या कोरीवकामात, टोपीवाले गोरे शिपाई गेंड्याला साखळीनं बांधतायत. पुण्यात गेंडा कुठला? प्लासीनंतर पूर्वेकडचा मुलूख इंग्रजांच्या हाती गेला, गेंडा म्हणजे तो मुलूख, असा अर्थ अभ्यासक लावतात. शेजारी हत्ती झुंजतायत. त्या चौकटीकडे बघताना गाइडची गरज पडत नाही. कुणा पाथरवटानं त्या दिवसांतली बातमी दगडात लिहून ठेवली आहे. तळघर एरवी बंद असतं, गुरुपौर्णिमेला उघडतात.

परतीची वाट बुधवार पेठेतून. पेठांची नावं वारांवरून पडायच्या आधी बुधवार ही मोहियाबाद होती, शुक्रवार विसापूर, शनिवार मुर्तजाबाद. सदाशिव पेठ भाऊंच्या नावाची. मारुतींची नावं आणखी मजेशीर: जिलब्या, डुल्या, पत्र्या, भिकारदास. विठोबा पासोड्या आणि निवडुंग्या. चेष्टा म्हणून ठेवलेली नावं नाहीत ही, पत्ते आहेत. शेजारी पासोड्यांचा बाजार भरायचा तो पासोड्या, निवडुंगाच्या जाळीत सापडला तो निवडुंग्या. रस्ता विचारताना रस्त्याचं नाव सांगितलं तर लोक विचारात पडतात, मारुतीचं सांगितलं तर हात लगेच वर होतो.

दगडूशेठ गणपतीसमोर कायम रांग. त्या रांगेतल्या माणसांची ज्या जागेकडे पाठ असते, तिथे भिडेवाडा होता. १ जानेवारी १८४८ला जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा सुरू केली ती इथे. वर्षानुवर्षं पडायला आलेला वाडा राष्ट्रीय स्मारक करण्यासाठी डिसेंबर २०२३मध्ये पाडला. बघायला वाडा नाही. तरी रस्ता ओलांडून दोन मिनिटं थांबावं. दोन्ही जागांमध्ये एका रस्त्याचंच अंतर आहे आणि या शहराचा निम्मा इतिहास त्या अंतरात मावतो.

जेवणाचं. मिसळ खायची तर अकराच्या आत, आणि रविवारी तर त्याहून आधी. रस्सा संपला की पाटी उलटी होते. पुणेरी मिसळीचा रस्सा कोल्हापुरीसारखा जाळत नाही, किंचित गोडसर असतो. काही ठिकाणी हिरव्या मसाल्याचा. कोल्हापूरकर नाकं मुरडतात, त्यांच्याकडे दुर्लक्ष करावं. दुपारी एक ते चार या पुणेरी विश्रांतीची थट्टा जुनी झाली, आता बरीच मोठी दुकानं दिवसभर उघडी असतात, पण आतल्या गल्लीतली लहान उपाहारगृहं आणि भांड्यांची दुकानं अजून दार ओढून घेतात. खरेदी एकच्या आत आटोपावी. बाकरवडी कोरडी असते, प्रवासाला उत्तम, फक्त भरलेल्या पिशवीच्या तळाला ठेवू नये, घरी पोचेपर्यंत तिचा चुरा होतो. श्रुजबेरी बिस्किटांसाठी कॅम्पात जाणं म्हणजे वेगळी वाट धरणं, आज नाही. मस्तानी प्यायची तर बसून, चमच्यानं, वीस मिनिटं काढून. उभ्यानं गटागटा पिणाऱ्याला डोक्यात कळ येते आणि आइस्क्रीमचा गोळा तसाच राहतो.

बेलबाग नाना फडणवीसांचा. लक्ष्मी रस्त्याच्या गोंगाटात एक पाऊल आत टाकलं की आवाज निम्मा होतो. पुढे तुळशीबाग. बांगड्या, भातुकली, कल्हईची आणि स्टीलची भांडी यांच्या गर्दीत माणसं राममंदिर विसरून परत जातात. नारो आप्पाजी खिरे तुळशीबागवाले यांनी १७६१पासून ते उभारलं. आत जायला बोळ आहे. दुकानांच्या मधून वर बघत चालावं, शिखर दिसलं की तिकडे वळावं. वर बघत चालताना पाकीट पुढच्या खिशात असू द्यावं.

मंडईची मूळ अष्टकोनी इमारत १८८६ची, तेव्हाचं नाव रे मार्केट, गव्हर्नर लॉर्ड रे यांच्यावरून. आता महात्मा फुले मंडई. जोतीराव नगरपालिकेचे सभासद होते तेव्हा या मंडईवरच्या खर्चाला त्यांचा विरोध होता. तो पैसा गरिबांच्या शिक्षणाकडे वळावा हे त्यांचं म्हणणं. आज त्यांच्याच नावाखाली भेंडीचे वाटे लागतात. मधल्या मनोऱ्याखाली उभं राहून वर बघावं: उंच छप्पर आणि वरच्या झरोक्यांतून निघून जाणारी गरम हवा. भर उन्हाळ्यात भाजी तिथे बाहेरच्यापेक्षा जास्त वेळ टवटवीत राहते. हंगाम असेल तर पुरंदरची अंजिरं घ्यावीत, पण नेण्यासाठी पिकलेली नव्हेत. पिकलेली तिथेच पायरीवर बसून खावीत, घरासाठी देठाला हिरवी आणि दाबून किंचित टणक लागणारी.

विश्रामबागवाड्याचा दर्शनी सज्जा रस्त्यावरूनच बघितला तरी चालेल. सुरूच्या झाडासारखे खांब, दुसऱ्या बाजीरावाच्या हौसेचे. उन्हं कलली असली की त्या लाकडाचे कोपरे उठून दिसतात. भर दुपारी सगळं सपाट वाटतं. दोन तास शिल्लक असतील तर तिथून दक्षिणेला राजा दिनकर केळकर संग्रहालय. लहानपणीच गेलेल्या राजा या मुलाच्या नावानं दिनकर केळकरांनी उभं केलेलं. दिवे, अडकित्ते, कुलपं, वज्र्या, दौती. कोथरूडचा मस्तानी महाल सुटा करून इथे पुन्हा जोडला आहे, तो चुकवू नये. बाकी दालनांतली सगळी पाटी वाचायला बसलात तर गाडी चुकेल. सकाळी तांबट आळीत जे घडताना पाहिलं, त्याच जातीची भांडी इथे काचेमागे आहेत, तेवढी शोधावीत. पाठीवरची बॅग दारात ठेवावी लागते, मौल्यवान वस्तू आधी खिशात.

गाडीच्या वेळेआधी पावणेदोन तास मंडई स्टेशनवर असावं. पुणे स्टेशनला जायचं तर सिव्हिल कोर्टला गाडी बदलायची. या टप्प्यात मेट्रो मुठेच्या पात्राखालून जाते. वर पूर आला काय, नाही आला काय, आत कळत नाही. सिव्हिल कोर्टचं हे स्टेशन जमिनीखाली ३३ मीटर आणि बदलायची दुसरी गाडी जमिनीच्या वरून, त्यामुळे सरकत्या जिन्यांची चळत चढावी लागते. सामानासकट पंधरा मिनिटं धरावीत, लिफ्टला रांग असेल तर वीस. तिकिटाआधी तपासणीच्या यंत्रात पिशवी सरकते. तांब्याचं जाड पातेलं कागदात घट्ट गुंडाळून, त्यात बाकरवडीचा पुडा आणि वर कपडे अशी बांधाबांध केली असेल, तर पडद्यावर एक काळा गोल दिसतो आणि पोरगेलासा सुरक्षारक्षक ‘काका, जरा उघडा’ म्हणतो. म्हणून पातेलं सगळ्यात वर ठेवावं, आणि दोरीची गाठ सुटणारी मारावी.